सातवं रॉकेट

जिना संपला होता, आणि तिला वाटलं अजून एक पायरी आहे. एवढंच झालं. उजवा पाय तिने त्या नसलेल्या पायरीवर टाकला, तो तळमजल्याच्या फरशीवर धाडकन आदळला, टाचेपासून दाढेपर्यंत सणक गेली आणि पिशवीतला डबा खडखडला. अठरा वर्षं ती हाच जिना उतरत होती. वीज गेलेली असताना उतरली होती, तापात उतरली होती, आई गेली त्या दिवशी चपला न घालता उतरली होती, पण पायरी कधी चुकली नव्हती. "काय हा वेंधळेपणा," असं ती स्वतःलाच म्हणाली आणि चालायला लागणार, तर पाय हलेना. पायाला काहीतरी आठवलं होतं. डोक्याला नव्हे, पायाला. पाय टेकला की खालचं किंचित दबतं आणि पुन्हा वर येतं, असं काहीतरी. फरशी कुठे दबते? दबली होती ती गाडी, दहा दिवसांपूर्वीची, चाचणीच्या मैदानावरची. त्या गाडीच्या फुटबोर्डवर हाच उजवा पाय देऊन ती चढली होती, राहिलेली डायरी उचलायला, आणि लगेच उतरली होती. चार सेकंद. फार तर पाच. कठडा धरून ती तशीच उभी राहिली. पहिल्या मजल्यावरच्या शेजारीणबाई भाजीची पिशवी घेऊन वर येत होत्या. "लागलं का हो?" त्यांनी विचारलं. "नाही, नाही. पायरी चुकली." "वय झालं आपलं," त्या म्हणाल्या आणि हसत वर गेल्या.

तिचं काम सांगायला सोपं आहे, पण सांगायची परवानगी नाही, त्यामुळे नातेवाईक ती सरकारी मोजणीत आहे असं धरून चालतात. तेही खोटं नाही म्हणा. सैन्याची जुनी रॉकेटं एकदा नळीतून सुटली की सुटली. वारा नेईल तिकडे जायची. म्हणून ती एकेकटी सोडायचीच नाहीत. चाळीसच्या चाळीस एका दमात सोडायची आणि समोरचा अख्खा माळ नांगरून काढायचा. तिच्या संस्थेने नऊ वर्षांपूर्वी त्याच रॉकेटच्या नाकात एक पेटी बसवायचा ध्यास घेतला. मी कुठून निघाले, किती वळले, किती पुढे आले, याचा हिशेब ही पेटी उडता उडता ठेवते आणि चार छोटे पंख हलवून रॉकेटला सांगितलेल्या जागी नेते. चाळिसांचं काम एकाने व्हावं, यासाठी सगळा खटाटोप. पेटी कोणी केली, पंख कोणी केले, हे सांगायला दहा जण पुढे यायचे. ते पडलं कुठे, हे सांगायचं काम तिचं. धूळ बसली की ती जीपने त्या खड्ड्याशी जायची, खुंटी ठोकायची, नेमून दिलेल्या जागेपासून अंतर मोजायची आणि अशा सगळ्या अंतरांतून एक वर्तुळ काढायची, ज्याच्या आत निम्मी रॉकेटं पडावीत. वर्तुळ जितकं लहान तितकं संस्थेचं नाव मोठं. तोंडावर सगळे तिला बाई म्हणत आणि पाठीमागे वर्तुळबाई. खरं सांगायचं तर हे टोपणनाव तिला आवडायचं.

बसमध्ये खिडकीजवळची जागा मिळाली, पण बाहेरचं काही दिसत होतं कुठे? बारा रॉकेटं सोडली होती. उपग्रहाची मदत मुद्दाम बंद ठेवून, कारण लढाईत शत्रू तीच आधी बंद पाडणार. पेटीने एकटीच्या जिवावर वाट काढली पाहिजे. अकरा रॉकेटं इतकी जवळजवळ पडली की त्यांच्या खुंट्या एखाद्या शाळेच्या पटांगणात मावल्या असत्या. सातवं गेलं सहाशे चाळीस मीटर डावीकडे. का गेलं? दहा दिवस सगळी संस्था डोकं खाजवत होती, आणि तीही. खापर फोडायला कुणाचं तरी डोकं लागतंच, तेही सापडलं. पंखांचे स्क्रू कसणारा फिटर. कंत्राटी माणूस, तीन वर्षं झालेला, कोणाचा कोणी नसलेला. सातव्याच्या तुकड्यांत एक स्क्रू सैल निघाला होता. जिथे बोटभर जाडीचं लोखंड कागदासारखं चुरगळतं तिथे स्क्रू सैल निघाला यात नवल ते काय? पण लेखी कारण हवं होतं, आणि अकराच्या बैठकीत त्याचं कंत्राट संपवायचं हे ठरल्यातच जमा होतं. परवा तो तिच्या टेबलाशी येऊन उभा राहिला होता. हात पुसत होता, हात कोरडेच होते. "ताई, पाना पुरेसा आवळला की कट्ट करतो. तो आवाज ऐकल्याशिवाय मी हात काढत नाही. झोपेत उठवून कसायला लावा." ती म्हणाली होती, "बघू, बैठकीत काय होतं ते." बघू! किती सोयीचा शब्द. तो "बरं ताई" म्हणून गेला होता आणि तिने चहा मागवला होता.

रॉकेट सुटायच्या आधी पेटीला नव्वद सेकंद लागतात. तेवढ्यात तिला उत्तर दिशा कुठे आहे, खाली कुठे आहे, हे शोधून पक्कं करायचं असतं. त्या वेळात, ज्या गाडीवरच्या नळीतून रॉकेट सुटतं ती गाडी हलता कामा नये, कारण इथे केसभर चुकलं की चाळीस किलोमीटरवर जाऊन तो केस अर्ध्या कोसाचा होतो. शोधून झालं की हिरवा दिवा लागतो, मग सगळी माणसं बंकरमध्ये जातात आणि बटण दाबलं जातं. जुन्या रॉकेटांना असले लाड नव्हते. त्या गाडीला टेकून तिने बावीस वर्षं डायरी लिहिली होती, त्या फुटबोर्डवर बसून डबा खाल्ला होता. शिट्टी वाजली होती. "पेटी जुळतेय, लांब व्हा," असं कुणीतरी ओरडलंही होतं. ते तिने ऐकलं होतं आणि ऐकता ऐकताच ती फुटबोर्डवर चढली होती. नवख्याच्या हातून हे झालं नसतं, नवखा घाबरून दहा हात लांब उभा राहिला असता. हे करायला तिच्यासारखं मुरलेलं माणूस लागतं. गाडी दबली, वर आली, आणि नव्वद सेकंद भरल्यावर दिवा हिरवाच लागला. यातली सगळ्यात वाईट गोष्ट हीच होती, पण बसमध्ये तिला ते कळलं नाही. बसमध्ये तिला फक्त स्वतःची लाज वाटत होती.

कोणाला कळणार होतं? निवृत्तीला दीड वर्ष उरलं होतं. मूग गिळून बसायचं, अकराला मान हलवायची, की संपलं. फिटरला दुसरीकडे काम मिळेल, हात चांगला आहे त्याचा. हे मनातल्या मनात म्हणताना तिला कुणाचा तरी सूर ऐकू आला आणि तो अप्पांचा होता. अप्पा, तिचे वडील, त्याच जुन्या रॉकेटांवरचे तोफखान्यातले जवान. एक कान तिथेच ठेवून आलेले. ती सात-आठ वर्षांची असताना ते रजेवर आले होते आणि बूट पुसत बसले होते, तेव्हा तिने विचारलं होतं, "अप्पा, तुम्ही कुणाला मारता?" आईने डोळे वटारले. अप्पा बूट खाली ठेवून म्हणाले होते, "आम्ही नुसतं सोडतो, ठमे. पडतं ते तिकडे पडतं." पुढे कित्येक वर्षं या उत्तरावर ती खूश होती. मग केव्हातरी ते तिला पुरेना. पडतं ते कुठे पडतं, हे बघायचं काम तिने का धरलं असं कुणी विचारलं, तर गणित आवडायचं म्हणून, असं ती सांगायची. गणित आवडायचं हे खरंच होतं. पण पहिल्यांदा खड्ड्याच्या काठावर उभं राहून तिने आत वाकून बघितलं होतं, आणि आत नुसती गरम माती आहे हे बघून तिला रडू आलं होतं, हे ती कुणालाच सांगत नसे. तिचा थांबा आला आणि मागच्या माणसाने "उतरताय का?" असं दोनदा विचारल्यावर ती उठली.

ऑफिसात जाऊन तिने आधी डायरी उघडली. कुठल्याही नोंदीला वेळ घालायची तिची जुनी खोड. दहा बेचाळीस, असं तिच्याच वळणदार अक्षरात लिहिलं होतं, वाऱ्याची नोंद. म्हणजे डायरी त्याच्या क्षणभर आधी उचललेली. सातव्याच्या पेटीची वेळ तिने यादीत बघितली. जुळणी सुरू दहा एक्केचाळीस, पूर्ण दहा बेचाळीस आणि तीस सेकंद. झालं. आता पळायला वाट नव्हती, आणि गंमत म्हणजे त्यामुळेच तिला जरा बरं वाटलं.

बैठकीत साहेब होते. साहेब म्हणजे कधीकाळी तिच्याच हाताखाली खुंट्या धरायला शिकलेला मुलगा, आता टक्कल पडलेला आणि सगळ्यांशी गोड. फिटर दाराजवळच्या खुर्चीवर टोकाशी बसला होता. साहेबांनी कागद पुढे ओढला, "तर सातव्याचं कारण," असं म्हणाले, आणि ती बोलली. एका दमात, कुणाकडे न बघता. डायरी, फुटबोर्ड, पाच सेकंद, दहा बेचाळीस. "स्क्रूचा काही संबंध नाही. मी चढले होते. चूक माझी आहे." तिला वाटलं होतं की साहेबांचा चेहरा पडेल, कुणी उसासा टाकेल, चौकशी लागेल. त्यासाठी तिने तोंड घट्ट मिटून घेतलं होतं. साहेबांनी चष्मा काढला आणि त्यांचा चेहरा लहान मुलासारखा फुलला. "म्हणजे बाई, रॉकेटात दोष नाहीच! सातवं चाचणीत धरायचंच नाही! अहो, दहा दिवस आमच्या डोक्याचा भुगा झाला आणि तुम्ही हे आत्ता सांगताय?" कुणीतरी हसलं. कुणीतरी टेबलावर थाप मारली. ती म्हणाली, "पण साहेब, दिवा हिरवा लागला. गाडी हलली हे पेटीला कळायला हवं होतं. तिने पुन्हा जुळणी मागायला हवी होती." साहेब म्हणाले, "बरोबर आहे. पण ती सोय पेटीत घालायची म्हणजे सहा महिने, पुन्हा बारा रॉकेटं, पुन्हा मैदान. तिकडे सैन्य आमच्या नावाने बोटं मोडतंय. आपण सूचना घालू की पुस्तिकेत. तुम्हीच लिहा, तुमच्याइतकं नेमकं कोण लिहिणार?" फिटर तिच्याकडे बघत होता. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं, आणि त्या पाण्यापुढे तिला दिव्याचं बोलणं पुढे रेटता आलं नाही.

मग तिने वाक्य लिहिलं. 'जुळणीच्या नव्वद सेकंदांत कोणत्याही व्यक्तीने वाहनाला कोणत्याही प्रकारे स्पर्श करू नये.' 'स्पर्श' आधी 'हात' होतं, तिने ते बदललं, कारण तिने हात लावला नव्हता, पाय ठेवला होता. सातवं वगळून अकरांचं वर्तुळ काढलं. सातव्यासकट ते दीडशे मीटरच्या घरात होतं, कारण सूत्रात एकच लांबचं अंतर अख्खं वर्तुळ फुगवतं; आता निघालं चोवीस. तीसच्या आत हवं होतं, ते चोवीस! नऊ वर्षांत इतकं देखणं वर्तुळ तिच्या हातून उतरलं नव्हतं. तिने पेन्सिलीवर पेन फिरवला आणि साडेचारला सही केली. जिन्यात फिटर थांबला होता. "ताई, तुम्ही गप्प बसला असता तरी कुणाला कळलं नसतं," तो म्हणाला. आणि नुसताच मान हलवत राहिला. तिचा जीव भांड्यात पडला. बसमध्ये उभं राहावं लागलं तरी तिला ते जाणवलं नाही. केळी घेतली, अप्पांसाठी मऊ बिस्किटं घेतली, घराचा जिना एका दमात चढली.

अप्पा खिडकीशी खुर्चीत होते, चांगला कान दाराकडे करून. या कानाशी जाऊन मोठ्याने बोललं की सगळं ऐकू येतं. नको ते ऐकू न येण्याची कलाही त्यांना साधली होती. तिने चहा टाकला, बिस्किटं बशीत काढली आणि आज पहिल्यांदाच, परवानगी गेली खड्ड्यात म्हणून, सगळं सांगितलं. फिटरचं सांगितलं तेव्हा अप्पांनी तिच्या गुडघ्यावर थाप मारली. "शाब्बास. माणूस वाचवलास." वर्तुळाचं सांगितलं तेव्हा त्यांनी बिस्किट चहात बुडवलं आणि ते विरघळून पडेपर्यंत तसंच धरून ठेवलं. "चोवीस मीटर," ते म्हणाले. "आमचं काय होतं गं? गावच्या गाव." मग म्हणाले, "आणि ते नव्वद सेकंदांचं काय म्हणालीस? कोण उभं राहणार नव्वद सेकंद?" "जवान, अप्पा. गाडीला हात न लावता." अप्पा हसायला लागले. हसता हसता खोकला आला, तिने पाठ चोळली. "ठमे, तू कधी गेलीस का तिथे? आपण एक सोडलं की तिकडून चार येणार, हे पक्कं ठाऊक असतं. ड्रायव्हर इंजिन बंदच करत नाही. एक जण गाडीच्या चाकापाशी ओकतोय. एक जण दार धरून उभा आहे, कारण दार सोडलं तर तो पळेल. मी दार धरायचो. गाडी थरथरायची म्हणे! गाडी कसली थरथरते, आम्ही थरथरायचो. नऊ सेकंद कुणी स्थिर उभा राहिलेला मी बघितला नाही, मेलेला सोडून."

सकाळपासून जे कळायचं राहिलं होतं ते आता कळलं, आणि ते इतकं साधं होतं की तिला स्वतःच्या कानशिलात मारावीशी वाटली. मैदानावर शांतता असते. चहाची किटली असते, शिट्टी असते. तिथेसुद्धा, बावीस वर्षं मुरलेली बाई, ओरडलेलं ऐकूनसुद्धा चढली. लढाईत ती जवान मुलं दार धरणार. दिवा हिरवाच लागणार, आणि सहाशे मीटर डावीकडे काय असेल ते असेल. शाळा असेल. रांग असेल. अप्पा अजून बोलतच होते, खिडकीबाहेर बघत. "आम्ही लढाईनंतर एकमेकांना सांगायचो, चुकून पडलं असेल. तू विचारलंस ना लहानपणी, तेव्हासुद्धा मी तेच धरून बसलो होतो. पन्नास वर्षं त्याच्यावर झोपलोय मी. तुमच्या रॉकेटांचं कसं होणार? चोवीस मीटरवाल्यांना कोण म्हणणार चुकून पडलं? चुकलं तरी लोक म्हणतील मुद्दाम मारलं. आणि ज्याने सोडलं त्यालाही तसंच वाटेल." त्यांचा कप कलंडला होता. तिने तो त्यांच्या हातातून काढून घेतला आणि फोन घेऊन स्वयंपाकघरात गेली.

साहेबांनी लगेच उचलला. मागे कुणीतरी मुलांना जेवायला हाका मारत होतं. "साहेब, मी सही केलेलं ते वर्तुळाचं पान थांबवा. दिव्याची सोय घातल्याशिवाय पेटी जाता कामा नये. मला लेखी द्यायचंय." "पान पाचलाच वर गेलं, बाई. अभिनंदनाचा फोनसुद्धा आला, तुमचं नाव घेतलं मी." "मग मी विरोध लिहून देते." साहेबांच्या आवाजातला गोडवा तसाच होता. "द्या ना. तुम्हाला कोण अडवणार? पण नीट विचार करा. दोष तुमचा असेल तर पेटीचा नाही, सातवं वगळलं. दोष पेटीचा असेल तर तुमचा नाही, सातवं पुन्हा मोजायचं, आणि मग सैल स्क्रूसुद्धा पुन्हा टेबलावर. दोन्ही कसं लिहिणार तुम्ही? काय ते एक ठरवा." "दोष दोघांचा आहे." "तसा रकाना नाही हो कागदात," साहेब म्हणाले, आणि ते चेष्टा करत नव्हते. "आणि सूचना घातलीय ना आपण? वाक्य तुमचंच आहे, बाई. सही तुमची आहे. इतकं स्पष्ट वाक्य कुणी मोडलं तर तो त्यांचा प्रश्न. जेवून घ्या. उद्या बोलू."

फोन ओट्यावर ठेवून ती उभी राहिली. वाक्य स्पष्टच होतं. त्यात एकही शब्द जास्त नव्हता. भिंतीवरच्या घड्याळाचा सेकंदकाटा बारावर येत होता, आणि तिच्या मनात आलं की बघू तरी, नव्वद म्हणजे किती. काटा बारावर आला तशी ती ओट्यापासून सुटी झाली, हात अंगाजवळ घेतले, कशालाही टेकली नाही. दहा सेकंद सहज गेले. पंधराव्याला गुडघ्यात बारीक कळ आली. विसाव्याला तिला आवंढा गिळावासा वाटला आणि तिने तो गिळला नाही. आपलं हृदय इतक्या जोरात सबंध अंग हलवतं हे तिला आजवर माहीत नव्हतं. प्रत्येक ठोक्याला डोकं किंचित पुढे जात होतं. हे वाहनाला कळेल का? कळेल. पेटीला कळेल का? नाही. एवढं घर, एवढी शांत संध्याकाळ, समोरून कोणी काही सोडत नव्हतं. तीस. पस्तीस. आपण हे नव्वद सेकंद काढले तर वाक्य खरं ठरेल, असं तिला वेड्यासारखं वाटायला लागलं. फक्त काढायला हवेत. बाहेरच्या खोलीतून खुर्ची सरकल्याचा आवाज आला. "ठमे," अप्पांनी हाक मारली. ती हलली नाही. काठी पडल्याचा आवाज आला. "ठमे, अगं," ते म्हणाले, आणि आवाज खालून आल्यासारखा होता, जमिनीजवळून. तिने काट्यावरची नजर काढली नाही, दात आवळले, सगळं बळ एकवटून स्थिर राहिली, आणि एक्केचाळिसाव्या सेकंदाला धावली.